एका दारात दोन गाड्या

क्लचबाईंचं खरं नाव त्यांच्या लायसनवर होतं, आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. बाकी सगळा गाव त्यांना क्लचबाई म्हणायचा. गाडी शिकवताना दिवसभर त्यांच्या तोंडात एकच शब्द असे. आधी गोडीत, 'क्लच.' मग जरा वर, 'क्लच.' आणि शेवटी समोरून ट्रक येत असला तरी आवाज न चढवता, 'क्लच दाबताय का मी दाबू?' त्यांच्या बाजूलाही पायाशी क्लच आणि ब्रेक होते. पण ते वापरायची वेळ आली की त्यांना तो स्वतःचा पराभव वाटे.

बाईंना भीती ही चीज ठाऊक नव्हती. नाकावर माशी बसू न देणाऱ्या एक न्यायाधीशबाई त्यांच्याकडे शिकायला आल्या होत्या आणि पहिल्याच चौकात गाडी बंद पाडून रडल्या होत्या. क्लचबाईंनी त्यांना रडू दिलं, मागच्या गाड्यांना हात दाखवून बाजूने जायला सांगितलं आणि म्हणाल्या, "झालं? आता चावी फिरवा." न्यायाधीशबाई आजही चौकात दिसल्या की मान लववून नमस्कार करतात.

त्यांच्या शाळेचं नाव 'सावकाश ड्रायव्हिंग स्कूल'. रस्त्याला लागून एक खोली, काचेचं दार, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात लाकडी स्टँडवर बसवलेलं जुन्या गाडीचं स्टिअरिंग आणि दाराकडे तोंड करून एक टेबल. गाडी एकच आणि शिकवणाऱ्याही एकच, बाई. टेबलामागे कॉम्प्युटरसमोर बसत त्यांचे यजमान.

यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, मूळचे घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुढे लोक खिशातल्या फोनवर वेळ बघू लागले आणि दुकान बंद झालं. दुकानाचं शटर शेवटचं ओढलं आणि ते घरी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या वेळांचा फार घोळ होतो. तुम्ही बसाल का तिथे?" घोळ कसला, बाईंच्या सगळ्या वेळा तोंडपाठ असायच्या. पण काका बसू लागले, आणि शाळेचं वेळापत्रक अक्षरशः घड्याळासारखं चालू लागलं. कॉम्प्युटर उघडला, इंटरनेट सुरू केलं की पहिलं पान यायचं ते शाळेच्या वेळापत्रकाचं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलीनेच तशी सोय लावून दिली होती. कोण, कुठून, किती वाजता. काका भरत, बाई गाडी काढत.

समोरच्या फुटपाथवर, दोन दारं सोडून, 'भरारी ड्रायव्हिंग स्कूल' होतं. ते चालवणारा माणूस बाईंचाच शिष्य. शिकायला आला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने गिअर टाकला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे गेली. तेव्हापासून बाईंनी त्याचं नाव रिव्हर्स ठेवलं. पुढे तो त्यांच्याचकडे हाताखाली शिकवायला राहिला, त्याचं लग्न झालं, आणि एक दिवस समोर स्वतःची पाटी लागली. सांगून लावली असती तर बाईंनी पाटीला खिळे दिले असते. पण त्याची हिंमत झाली नाही. बाईंना ते रस्त्यावरून जाणाऱ्या पेंटरकडून कळलं. कानामागून आला आणि तिखट झाला, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर समोरच्या फुटपाथवर चालणंच त्यांनी सोडून दिलं.

एका सकाळी 'सावकाश'मध्ये शिकणाऱ्या बेकरीवाल्या बाईंच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या.

क्लचबाई ठरल्या वेळी पोहोचल्या होत्या. पुढची वेळ आदल्या धड्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच ठरवली होती आणि काकांना लिहून घ्यायला सांगितली होती. गाडी थांबवतात न थांबवतात तोच समोरून 'भरारी'ची गाडी आली आणि नाकाला नाक लावून उभी राहिली. रिव्हर्स खाली उतरला. बाईंना बघून तो चक्क हसला, आणि त्या हसण्याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेकरीवाल्या बाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या, दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या की त्यांना शिकायची आहे ती एकच गाडी, आणि ओव्हनमध्ये पाव आहे, तेव्हा काय ते लवकर ठरवा.

बाईंनी दार उघडून त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि काच खाली करून रिव्हर्सला सांगितलं, "तासाभराने येते तुझ्याकडे. पळून जाऊ नकोस."

तो धडा बेकरीवाल्या बाईंच्या चांगला लक्षात राहिला, कारण त्यात क्लच हा शब्द फारसा आलाच नाही.

तासाभराने क्लचबाई रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर चढल्या. 'भरारी'चं ऑफिस आतून कधी बघितलं नव्हतं त्यांनी. तेच टेबल, तसाच तक्ता. तक्ता त्यांच्यासारखाच लावला होता, खिडकीच्या डाव्या अंगाला, उन्हाने रंग उडू नये म्हणून. त्यांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं की माझी माणसं पळवायची हिंमत कुठून आली, आणि पळवायचीच होती तर निदान वेळ तरी वेगळी घ्यायची होती.

रिव्हर्स आधी गोंधळला. मग हळूच म्हणाला, "बाई, नोंद तुमच्याकडूनच आली ना. नंबरही तुमच्या ऑफिसचा होता. मी खात्री करायला फोन केला तर काकांनी उचलला. म्हटलं, नोंद पक्की समजू का? तर म्हणाले, हो, वेळेवर या म्हणजे झालं."

"आणि तुला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुमच्याकडे गर्दी झाली असेल म्हणून तुम्ही माझ्याकडे पाठवताय." तो टेबलावरचा पेन सरळ करत राहिला. "स्वतः बोलायचं नसेल म्हणून काकांकडून. मी तर घरीही सांगितलं."

बाई खुर्चीवर बसल्या. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं की ती नोंद मी पाठवली नव्हती. रिव्हर्सने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला तो बाईंनी बघितला, आणि रागाला धरून राहायला आता काही उरलं नाही असं त्यांना वाटलं.

मग दोघांनी मिळून डोकं लावलं. काकांनी बेकरीची नोंद 'भरारी'च्या पानावर भरली होती आणि फोनवर रिव्हर्सला कोणी शिकाऊ समजले होते, एवढं उघड होतं. दोन्ही शाळांची वेबसाइट एकाच मुलीने केलेली, त्यामुळे पानं जुळ्या बहिणींसारखी. नाव तेवढं वेगळं. पण काका मुळात त्या पानावर गेले कसे? उघडल्याबरोबर तर आपलंच पान येतं.

"येतं की येत होतं?" रिव्हर्सने विचारलं.

बाईंना ठाऊक नव्हतं. त्या कॉम्प्युटरला हात लावत नसत. तो काकांचा प्रांत होता.

दोघं रस्ता ओलांडून 'सावकाश'मध्ये आले. काका रिव्हर्सला बघून उठून उभे राहिले, मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा बसले. बाईंनी त्यांना काय झालं ते थोडक्यात सांगितलं, चढ्या आवाजात नाही, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. पहिलं पान उघडलं. वेळापत्रकाचा पत्ता नव्हता. त्या जागी उगवता सूर्य, खाली 'तुमचा दिवस आनंदात जावो', मधोमध शोधायची लांब चौकट, आणि भोवती चपलांपासून विम्यापर्यंत सगळ्याच्या जाहिराती. काका सांगू लागले, बरेच दिवस हे असंच येतंय. मग मी चौकटीत ड्रायव्हिंग स्कूल लिहितो आणि पहिलं जे येतं ते उघडतो. आतापर्यंत पहिलं 'सावकाश'च येत असे, पण नुकतीच त्याच्याही वर येऊन बसली होती ती 'भरारी'ची जाहिरात.

बाईंनी मान वळवून रिव्हर्सकडे बघितलं.

"जाहिरात मीच दिलीय," तो म्हणाला. "पण शोधणाऱ्याला दिसावी म्हणून. तुमच्या घरात शिरून दाखवा असं मी कोणाला सांगितलं नाही. हे पान माझं नाही, बाई. हे चिकटलेलं आहे." आणि त्याने माउसकडे हात नेला.

बाईंनी तो हात टेबलावरून बाजूला केला. "मी चालवते. तू शेजारी बसून सांग. दुसऱ्याने गाडी चालवून कोणाला गाडी आलीय का?"

मग तो धडा सुरू झाला. शिष्य शिकवत होता आणि गुरू शिकत होती. रिव्हर्स सांगत होता आणि मध्येमध्ये त्याचा हात आपोआप पुढे येत होता. बाई प्रत्येक वेळी नुसतं त्या हाताकडे बघत. वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके, ते दाबा. त्यातून एक्स्टेन्शनवर जा. म्हणजे काय, बाईंनी विचारलं. म्हणजे इंटरनेट बघायच्या आपल्या खिडकीला बाहेरून आणून लावलेल्या जोडण्या, त्याने सांगितलं. काही आपण लावतो, काही दुसऱ्याचं बोट धरून आत येतात. गाडीला लोक नसते हॉर्न आणि दिवे लावून घेतात तसं. हे बाईंना लगेच पटलं. असल्या गाड्यांबद्दल त्यांची मतं जुनी आणि कडक होती.

पान उघडलं आणि तिथे एक पंगतच बसलेली दिसली. एक हवामान सांगणारा, एक झटपट शोधून देणारा, एक सवलती हुडकणारा, एक नुसताच हसरा चेहरा. "ह्यातलं तुम्हाला काय लागतं, अहो?" बाईंनी विचारलं. काका म्हणाले, हवामान तर खिडकीतून दिसतं. मग बाईंनी एकेकाच्या नावाखालचं 'काढा' दाबायला सुरुवात केली. झटपट शोधणारा निघता निघता एक नवीन पान उघडून गेला: तुम्ही खरंच जाताय का, आमचं काय चुकलं, सांगाल का. बाई म्हणाल्या, "जाताय तुम्ही, मी इथेच आहे," आणि ते पान बंद केलं. शेजारी काका उठून काचेचं दार पुसू लागले होते. ते स्वच्छच होतं.

जोडण्या गेल्या तरी सूर्य आपोआप मावळत नाही, रिव्हर्सने सांगितलं. ते पान सेटिंगमध्ये आपलं नाव घालून बसलेलं असतं. मग सेटिंगमध्ये जाऊन, सुरू होताना कोणतं पान उघडायचं तिथला परका पत्ता पुसून बाईंनी वेळापत्रकाचा पत्ता एकेक अक्षर बघत भरला. शोधायचं काम कोणाकडे द्यायचं, तिथेही उपरा बसला होता, त्यालाही उठवलं. बंद केलं, चालू केलं. वेळापत्रक आलं. रिव्हर्सने टाळी वाजवायला हात उचलले आणि बाईंचा चेहरा बघून खाली घेतले.

तो निघाला तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "नीट शिकवतोस. घाई करत नाहीस." त्या शब्दावर रिव्हर्स रस्ता न बघताच पलीकडे गेला. एरवी बाईंनी त्याला त्यावरून धारेवर धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि सूर्य पुन्हा उगवला. काकांनी बाईंकडे बघितलं. बाई समोर जाऊन रिव्हर्सला बोलावतील असं त्यांना वाटलं असावं. पण बाई खुर्ची ओढून स्वतः बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पंक्चर काढलं आणि चाक पुन्हा बसलं, तर ट्यूबला दोष देऊन उपयोग नाही. टायरच्या आत हात फिरवायचा. काटा तिथेच असतो. कालची ट्यूब आपण ठीक केली, पण काटा टायरमध्ये राहिला.

मग त्या इंटरनेटची खिडकी बंद करून कॉम्प्युटरच्याच सेटिंगमध्ये शिरल्या. कुठे काय असतं ते माहीत नव्हतं, पण अनोळखी गल्लीत गाडी घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चुकलं तर मागे यायचं, एवढंच. दोनदा चुकल्या, मागे आल्या, आणि अखेर कॉम्प्युटरवर बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या पानावर पोहोचल्या. तिथे बाकी मंडळी जुनी, कंपनीतूनच आलेली. एकच नवा होता: 'अक्षर-मित्र'.

"अहो, इकडे या. हा कोणाचा मित्र?"

काका जवळ आले आणि पडद्याकडे न बघता म्हणाले, "माझा."

बाईंनी माउस सोडून खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"अक्षरं मोठी करून देतो म्हणाला, फुकट," काका म्हणाले. "मी घेतला. तो मध्येमध्ये काहीतरी विचारत होता. वाचता येत नव्हतं नीट. मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेलो." मग त्यांनी पुढे जोडलं, "अक्षरं काही मोठी झाली नाहीत."

ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरणारच, असं काहीतरी बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसाने तिळाएवढे स्क्रू उचलले, ज्याच्या नजरेला शहाणी माणसं दाद द्यायची, त्याला समोरच्या पडद्यावर 'सावकाश' आणि 'भरारी' यातला फरक दिसत नव्हता, आणि तो किती दिवस हे एकटा सांभाळत बसला होता देव जाणे. रोज शेजारी जेवणाऱ्या आपल्याला ते दिसलं नाही, हे बाईंना जास्त लागलं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची हालचाल टिपायची आणि घरातल्या माणसाची नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुकान होतं तेव्हापासून थोडं थोडं. तेव्हा उजवाच डोळा होता, भिंगाचा. आता दोन्ही." मग ते म्हणाले, "घड्याळजीने डोळे गेले म्हणून कोणाला सांगावं?"

"बायकोला," बाई म्हणाल्या.



बाईंनी 'अक्षर-मित्र' काढून टाकला. तो जाताना दोनदा विचारून गेला, नक्की का, खरंच का. मग पुन्हा इंटरनेट उघडून त्यांनी परत येऊन बसलेली हसरी टोळी उचलून बाहेर घातली, पहिलं पान पुन्हा ठरवलं, आणि कॉम्प्युटर एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी वेळापत्रकच आलं. मग त्यांना तिथेच सेटिंगमध्ये एक गोष्ट सापडली: अक्षरांचा आकार. ज्या कामासाठी काकांनी परक्याला घरात घेतलं, ते काम घरातच, पहिल्यापासून, होतं. त्यांनी आकार सगळ्यात मोठ्यावर नेला. 'सावकाश' हा शब्द पडदाभर पसरला.

"दिसतंय?"

"दिसतंय," काका म्हणाले. "पण वाकडं, धुरातून बघावं तसं."

"मग हे माझं काम नाही. डॉक्टरांचं आहे. उद्या सकाळी चला."

काकांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला. सगळे धडे कोण घेणार, टेबलावर कोण बसणार, वय झालं की असं होतंच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शिकाऊ माणूस घाटात गाडी बंद पडली की कशी कशी कारणं सांगतो, तेही त्या असंच ऐकून घेत. मग म्हणाल्या, "झालं? आता चला."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पिकलेला, पण काढता येण्यासारखा. आधी उजवा, मग थोड्या दिवसांनी डावा. बाईंनी तिथल्या तिथे तारीख घेतली. काका तपासणीच्या खोलीत होते तेव्हा बाहेर टेबलावरची मुलगी कॉम्प्युटरशी झगडत होती. पेशंटची यादी उघडायला जावं तर भलतंच पान, त्यात फुलांचा गुच्छ आणि मधोमध चौकट. ती वैतागून पान बंद करी आणि ते पुन्हा येई. बाई उठल्या, तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "माउस तूच धर. मी सांगते." काका बाहेर आले तेव्हा फुलं गेली होती, आणि क्लचबाई त्या मुलीला सांगत होत्या की एवढ्याने खूश होऊ नकोस, आता टायरमध्ये हात घाल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा समोरच्या फुटपाथवर गेल्या. रिव्हर्स टेबलाशी होता. त्यांनी आठवडाभराच्या सगळ्या वेळा त्याला तोंडी सांगितल्या, कोण कुठे घाबरतं, कोणाला डावं वळण जमत नाही, बेकरीवाल्या बाईंना ओव्हनच्या वेळा सांभाळून कसं घ्यायचं. तो भराभर डोक्यात साठवत होता.

"ह्या वेळी मी पाठवतेय," बाई शेवटी म्हणाल्या. "घरी सांगितलंस तरी चालेल."

रिव्हर्सने विचारलं की काका परत आल्यावर शिकाऊ लोकांना परत पाठवायचं ना. बाई म्हणाल्या, ज्यांना परत यायचं असेल ते येतील, ज्यांना तुझ्याकडे बरं वाटेल ते राहतील. माणसं काय गाड्या आहेत, चावी कोणाच्या खिशात ते बघायला? आणि पुढच्या वेळी पाटी लावायची असेल तर आधी येऊन सांगायचं. तो म्हणाला, पुढची पाटी कसली, बाई, आता काय लावायचंय? पण बाई बाहेर पडल्या होत्या.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी काकांनी घरात पाऊल टाकलं आणि भिंतीला हात लावून बघितला. ही पांढरी होती का कायम, त्यांनी विचारलं. मला तर पिवळी वाटायची. मग ताटं बघितली, पडदे बघितले, आणि बाईंकडे बघून म्हणाले, "तू केस रंगवायचे सोडलेस कधी?"

"तुम्हाला दिसेनासं झालं तेव्हापासून," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. आत जाऊन त्यांनी एकदा डोळे पुसले, पण ते कोणी बघितलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका टेबलावर परतले. कॉम्प्युटर उघडला, वेळापत्रक आलं, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते अक्षरांचा आकार निम्म्यावर आणण्याचं. एवढी मोठी अक्षरं लहान मुलांच्या पुस्तकात असतात, असं त्यांचं मत पडलं. मग कुठल्याशा पानाने त्यांना विचारलं की आमच्या सूचना रोज पाठवू का. काकांनी खुर्ची पुढे घेतली, तो सगळा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सावकाश, एकेक शब्द, आणि 'नको' दाबलं. वाचता येतंय म्हणून त्यांनी त्या दिवशी आणखी दोनचार ठिकाणीही 'नको' दाबलं, त्यातल्या एका ठिकाणी ते हवं होतं, आणि ते परत मिळवायला बाईंना संध्याकाळचा अर्धा तास घालवावा लागला.

दुपारी गाडी लावून बाई आल्या तेव्हा काका रस्त्यावर उभे राहून मान वर करून शाळेची पाटी बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "ह्यात 'व्हिं' दीर्घ काढलाय पेंटरने. किती वर्षं झाली ही लावून?"

बाईंनी वर बघितलं. त्या स्वतः रोज त्याच पाटीखालून जात होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "त्या पाटीखालून शिकून गेलेल्यांत कोणी अजून गाडी ठोकली नाहीये." आणि त्यांनी दार उघडून धरलं, कारण पुढचा धडा घ्यायला माणूस आला होता आणि काकांना त्याचं नाव लिहून घ्यायचं होतं.